येळवशीला पाहिलेलं रान मे महिन्यात पुन्हा पाहा

पत्र : नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात भाड्याने राहतो. मी शाळेत शिकवते, हे गारमेंटमध्ये सुपरवायझर आहेत. मुलगी सहावीत. दक्षिण सोलापूर तालुक्यात, गावापासून दीड आणि सीना नदीपासून दोनेक किलोमीटरवर आमचं रान आहे. गट साडेसहा एकरांचा, सातबारा सासरे आणि चुलत सासरे यांचा सामाईक. वहिवाट मात्र वीस वर्षांपासून वेगळी, सव्वातीन-सव्वातीन एकर. यंदा येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळे रानात जमलो आणि तिथेच घर बांधायचं ठरलं. ह्यांचं म्हणणं, रस्त्याकडेला ओढ्याच्या अलीकडे बांधू, पुढे दुकान काढता येईल. सासरे म्हणतात, वर माळाला, जुन्या गोठ्यापाशी. ठेकेदाराने १४०० चौरस फुटांना २६ लाख सांगितलेत, पाया चार फूट. आमच्याकडे १५ लाख आहेत, बाकीचं कर्ज काढू. अक्षय्य तृतीयेला पाया घालायचा विचार आहे. एनए, म्हणजे जमीन अकृषिक, करावी लागेल का? की पाच गुंठे माझ्या नावावर करून घ्यावेत? विहिरीवर शेतीपंपाचं कनेक्शन आहे, तेच घराला चालेल ना? दीर चिंचवडला आणि नणंद बार्शीला असते, त्यांची काही हरकत नसणार. मुख्य म्हणजे, ह्यांचं बरोबर की सासऱ्यांचं?

उत्तर :

ताई, आधी निकाल सांगतो, कारणं मग. सासऱ्यांचं बरोबर आहे. आणि या अक्षय्य तृतीयेला पाया घालू नका. पुढच्या वर्षीच्या घाला.

येळवशीला रान बघून कुणालाही तिथं राहावंसं वाटतं. मार्गशीर्षातली अमावास्या, ज्वारी छातीला लागलेली, हरभरा घाटे धरतोय, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे आणि मडक्यातली गार आंबील. वारा असा की दुपारी दोन वाजतासुद्धा अंगावर ऊन घ्यावंसं वाटतं. त्या दिवशीचं रान म्हणजे पाहुणे यायच्या दिवशीचं घर, सगळं आवरून ठेवलेलं. तेच रान मे महिन्यात दुपारी अडीच वाजता बघा. पारा ४२-४३ वर, ज्वारी काढून झालेली, नुसती धसकटं, आणि जमिनीला तळहात जाईल एवढ्या भेगा. जाताना घरातली एक पातळ सळई घेऊन जा. भेगेत सरळ सोडा. किती आत जाते ते बोटानं धरून बाहेर काढा आणि मोजा. दोन फूट, अडीच फूट, कुठं तीनही. हा प्रयोग तुमच्या मिस्टरांना स्वतःच्या हातानं करू द्या, तुम्ही काही बोलू नका.

भारी काळ्या मातीचा स्वभावच तो. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. आपला जिल्हा रब्बीचा का, तर ही माती परतीच्या पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि वर थेंब पडला नाही तरी त्या ओलीवर ज्वारी निघते. पण जी फुगण्याची ताकद ज्वारीला पोसते, तीच भिंत उचलते. सबंध घर एकसारखं उचललं असतं तर कुणाला कळलंही नसतं. ती एक कोपरा उचलते, दुसरा तसाच ठेवते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बांधकाम खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस आहे मी, आणि १९९६ साली स्वतःचं घर बांधताना गवंड्याच्या भरवशावर राहिलो. नोकरी बाहेरगावी, घरी महिन्यातून एकदा येणं. खाली अजून काळीच माती होती, तिच्यातच पाया थांबवला. वर शहाणपणा असा की न्हाणीचं पाणी वाया जाऊ नये म्हणून भिंतीलगत केळी लावल्या. चौथ्या वर्षी त्या कोपऱ्यातून खिडकीच्या वरच्या अंगाला तिरपी चीर गेली. मे महिन्यात तिच्यात पाच रुपयाचं नाणं उभं बसायचं. ऑक्टोबरात तेच नाणं बसायचं नाही. परसदाराची कडी पावसाळ्यात लागायची नाही आणि उन्हाळ्यात आपोआप निघायची. सिमेंटनं तीन वेळा लांबी भरली. चीर सिमेंटनं बुजत नसते, कारण ती भिंतीची नसतेच, जमिनीची असते. शेवटी केळी काढल्या, पाणी वीस फूट लांब नेलं, भोवती फरशी केली, तेव्हा हालचाल कमी झाली. नाणं अजून देव्हाऱ्यात ठेवलंय.

जुन्या लोकांकडे यासाठी दोन साधे शब्द होते : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गावठाणाला पांढरी का म्हणायचे, तर गावं पांढऱ्या मातीवर, उंचवट्यावर वसवलेली असायची. काळीत कुणी घर बांधायचं नाही. त्यात पीक वाचायचं आणि भिंतही वाचायची. तुमचे सासरे माळ म्हणतात ते हेच म्हणतात, फक्त त्यांना ते ठेकेदाराच्या भाषेत मांडता येत नाही. जुना गोठा तिथंच का बांधला होता, हे त्यांना एकदा विचारा. बहुतेक त्यांच्या वडिलांनी ठरवलं असणार आणि त्यांनी पावसाळ्यात जनावरं चिखलात बसू नयेत एवढाच विचार केला असणार. माणसांनाही तोच न्याय लावा.

ओढ्याचीही गोष्ट आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला तो तुम्ही सोलापुरात राहून पाहिलाच असेल. माढा, मोहोळपासून तुमच्या तालुक्यापर्यंत पाणी शेतात, घरात, हमरस्त्यावर आलं. त्याआधी ऑक्टोबर २०२० मध्ये एका दिवसाच्या पावसानं ओढे-नाले कसे फुगले होते तेही लोक विसरलेले नाहीत. दोन किलोमीटर म्हणजे नदी लांब आहे असं समजू नका. नदी फुगली की ओढ्याचं पाणी पुढे जायला जागा राहत नाही, ते मागं दाबतं. शेजारच्या वस्तीवर जाऊन म्हाताऱ्या माणसाला विचारा, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं. तो हात करून दाखवेल : त्या बाभळीच्या बुडापर्यंत. त्या बाभळीला चुन्याची खूण करून ठेवा. घराचं जोतं त्या खुणेच्या वर हवं, आणि रस्त्याकडेची जागा तुम्ही लिहिल्याप्रमाणे ओढ्याला चिकटून आहे.

आता हे सगळं मी माझ्या अंदाजानं सांगतोय. खरं काय ते खड्डा सांगेल. जेसीबीवाल्याला अर्ध्या दिवसासाठी बोलवा आणि तीन खड्डे घ्या. एक ह्यांच्या जागेवर, एक सासऱ्यांच्या, एक दोघांच्या मध्ये. काळी संपून मुरूम कितव्या फुटाला लागतो ते टेपनं मोजून वहीत लिहा. वरून काळी, खाली पिवळसर चुनखडी मिसळलेली माती, मग मऊ मुरूम, मग मांजऱ्या, म्हणजे मुरूम आणि पाषाण यांच्या मधला ठिसूळ दगड, आणि त्याखाली काळा पाषाण, असा साधारण क्रम सापडेल. माळावर मुरूम दोन-तीन फुटांवर लागला तर ठेकेदाराचा चार फूट पाया तिथं पुरेल. रस्त्याकडेला काळी आठ-दहा फूट निघाली तर तोच चार फूट पाया मातीत तरंगत राहील, आणि मग खाली मुरमापर्यंत जाणारे खांब, म्हणजे अंडर-रीम पाइल, घ्यावे लागतील. त्याचा खर्च २६ लाखांत धरलेला नाही, हे मी अंदाजपत्रक न बघता सांगतो. ज्या ठेकेदारानं खड्डा न घेता पाया किती फूट ते सांगितलं, त्यानं तो आकडा मागच्या घरावरून उचललाय.

पाया मुरमावर टेकला तरी दोन गोष्टींवर डोळा ठेवा. खोदलेली काळी माती परत जोत्यात भरायची नाही. ती आयती पडलेली असते, फुकट असते, म्हणून गवंडी हमखास भरतात. मग दोन वर्षांनी घरातल्या फरशा फुगतात आणि दोष फरशीवाल्याला दिला जातो. जोत्यात मुरूम भरायचा, थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून. आणि घराभोवती तीन-चार फुटांचा फरसबंदीचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. शहाबादी फरशी आपल्याला जवळ पडते, तीच घाला. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरता कामा नये. केळीचा मोह आवरा.

वाटेचं काय, असं तुमचे मिस्टर विचारतील, आणि इथं त्यांचा मुद्दा खरा आहे. माळ रस्त्यापासून आत आहे. काळ्या रानातून पावसाळ्यात मोटारसायकल न्यायची म्हणजे काय ते त्यांना चांगलं माहीत असणार : मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये चिखल बसतो, चाक फिरायचं थांबतं, माणूस काडी घेऊन तो कोरत उभा राहतो. रोज शाळेला जायचं तर हे परवडणारं नाही. म्हणून घराआधी वाट. बारा फूट रुंद, काळी थोडी उकरून खाली दगडाचं सोलिंग, वर मुरूम, दोन्ही अंगांना चर. रेतीचा ट्रकही त्यावरून जाईल आणि एखाद्या रात्री सासऱ्यांसाठी गाडी आत आणायची वेळ आली तर तीही येईल. मुरूम विकत आणाल तेव्हा रॉयल्टीची पावती मागा. ही वाट एका पावसाळ्यात बसते, खचते, दुरुस्त होते, आणि मग पक्की होते. वर्ष थांबा म्हणतो त्याचं हे एक कारण.

दुसरं आणि मोठं कारण कागद. तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकलंय : "सातबारा सामाईक, वहिवाट वेगळी." ताई, सोलापूर जिल्ह्यातले निम्मे भाऊबंदकीचे दावे या अर्ध्या ओळीतून निघत असतील. वहिवाट म्हणजे मालकीची हद्द नव्हे. आज साडेसहा एकरांच्या गटात प्रत्येक गुंठ्यावर दोन्ही भावांचा हक्क आहे. तुम्ही माळावर घर बांधलंत आणि उद्या चुलत सासऱ्यांच्या मुलांनी वाटणी मागितली, तर माळ कुणाच्या वाट्याला जाईल हे तुमच्या हातात नसेल. आणि माळाला आज कुणी विचारत नाही, पण त्यावर घर उभं राहिलं की सगळ्यांना तो दिसू लागतो.

म्हणून दोन्ही भाऊ हयात आहेत, बोलणं आहे, तोवर रीतसर वाटणीपत्र करा आणि ते नोंदवा. मग फेरफार, मग भूमी अभिलेखकडे पोटहिश्श्याच्या मोजणीचा अर्ज. मोजणीच्या दिवशी घरातला कर्ता माणूस आणि शेजारचे बांधकरी हजर हवेत. खुणा दाखवतील तिथं त्याच संध्याकाळी दगड पुरा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. मोजणीचा नकाशा, त्याची "क" प्रत, हातात आली की घराचा प्लॅन काढायला अर्थ आहे. वाटणीपत्रात एक ओळ विसरू नका : रस्त्यापासून माळापर्यंतची वाट, किती फुटांची, कुठून कुठवर. रस्त्याकडचं तोंड उद्या कुणाच्याही वाट्याला आलं तरी तुमची वाट कागदावर राहील, आणि तिची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांतही करून घ्या. उतारा काढलाच आहे तर भोगवटादार वर्ग १ आहे की २ तेही बघा. वर्ग २, म्हणजे सरकारी अटी असलेली जमीन, निघाली तर आधी तहसीलची पायरी चढावी लागेल.

आणि "त्यांची काही हरकत नसणार" हे वाक्य. विचारलंय का? दिराला विचारलं असेल, फोनवर, येता-जाता. नणंदेला? जमीन वडिलोपार्जित असेल तर तिचा हिस्सा भावांइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीनं कायद्यात हे आलं आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. ती हिस्सा सोडेलही, पुष्कळ बहिणी सोडतात. पण तिनं तो माहीत असताना, राजीखुशीनं, नोंदणीकृत हक्कसोडपत्रानं सोडावा. घराचा स्लॅब पडल्यावर बार्शीला कागद घेऊन सहीला जाणं आणि आज सासऱ्यांनी तिला बोलावून "बाई, आम्ही असं ठरवतोय, तुझं काय म्हणणं" विचारणं, यांत फार फरक आहे. माहेरी आल्यावर तिची म्हणून एक खोली असेल का, हेही तेव्हाच बोलून घ्या. मी पाहिलंय, बहिणीला जमिनीपेक्षा हे न विचारलेलं जास्त लागतं.

पाच गुंठे तुमच्या नावावर करायचा बेत सोडा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे. ऑगस्ट २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिराईताला २० गुंठे आणि बागाईताला १० गुंठे ठरलंय. त्याखालचा तुकडा पाडून शेतजमीन म्हणून नावावर करायला गेलात तर अडकाल, आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून देणारा कुणीतरी भेटेलच, त्याच्या वाटेला जाऊ नका. तुमचं नाव हवं असेल, आणि ते असावं असं मला वाटतं, तर घराच्या खर्चाच्या पावत्या आणि कर्ज दोघांच्या नावानं ठेवा आणि जमिनीबद्दल सासऱ्यांशी सरळ बोला.

एनएचं म्हणाल तर, गावठाणाला लागून रान असतं तर काम सोपं होतं. तुम्ही दीड किलोमीटर लांब. मग दोन वाटा : थोड्या क्षेत्राचा रीतसर अकृषिक वापर, नाहीतर शेतघर. शेतकऱ्याला शेतात शेतीच्या सोयीसाठी राहतं घर बांधता येतं, त्याला किमान ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एकरभर क्षेत्र लागतं. एक एकरावर बांधकाम १५० चौरस मीटरपर्यंत बसतं, तुमचे १४०० चौरस फूट म्हणजे १३० चौरस मीटर. तुमच्याकडे वाटणीनंतर सव्वातीन एकर असतील, तेव्हा शेतघरात तुमचं काम भागतं. प्लॅन मात्र मंजूर करून घ्यायचा. शेतघरात दुकान बसत नाही. दुकान हा वेगळा वापर, त्याला वेगळी परवानगी, त्यामुळे ह्यांच्या दुकानाचा विचार घराच्या पोटात न घालता वेगळा ठेवा. मंजूर नकाशा आणि स्वच्छ सातबारा असल्याशिवाय बँकही कर्जाला हात लावणार नाही. गावात कुणी सांगेल, ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नोंद करून घ्या, झालं. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी भरली म्हणजे मालकी सिद्ध होत नाही आणि परवानगीही मिळत नाही.

शेतीपंपाची वीज घराला नाही चालणार. ती ठरावीक तासच येते, त्यावर फ्रीज आणि मुलीचा अभ्यास चालवणार कसा? शिवाय शेतीच्या दरातली वीज घराला वापरणं हा वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरला जातो आणि आकारणी मागच्या काळापासून दामदुप्पट होते. महावितरणकडे घरगुती जोडणीचा अर्ज टाका आणि किती खांब लागतील ते लेखी घ्या. जोडणी आली की छतावर सौर बसवता येईल. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे, पण ते घरगुती जोडणी असेल तरच.

पाण्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, याचं मला नवल वाटलं. विहीर आहे म्हणजे पाणी आहे असं धरलंय का? मार्चनंतर ती किती असते? बोअर घ्याल, लागेलही, पण आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते तुमच्या शहरातल्या गिझरच्या कॉइलला विचारा. एक हिशेब मांडून दाखवतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस. तुमचं छत १३० चौरस मीटर. पाचशेनं गुणलं तर ६५,००० लिटर. सांडलं, उडालं, पहिल्या पावसाचं सोडून दिलं, असं पाचवा भाग वजा केला तरी ५२,००० लिटर. पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी ८ लिटर धरलं तर दिवसाला ४० आणि वर्षाला १४,६०० लिटर. म्हणजे पाऊस निम्मा झाला तरी वरणात डाळ शिजेल असं गोडं पाणी बारा महिने पुरतं. १५-२० हजार लिटरची बंद टाकी, घरापासून जरा हटून, मुरमात. बांधतानाच उतार आणि नळ्या धरल्या तर खर्च कमी. मागाहून फोडाफोडी करत करायचं म्हणजे होत नाही.

आता घर. १४०० चौरस फूट कशाला? पाच माणसं आहात. हजार फुटांचं घर आणि पुढं-मागं रुंद पडवी, एवढं केलंत तर वर्षातले आठ महिने बसणं-उठणं पडवीतच होतं आणि कर्ज निम्म्यावर येतं. वास्तुशास्त्राचं तुमच्या घरात कुणी काढलं तर वाद घालू नका, फक्त माझी एक अट सांगा : पश्चिमेला झोपायची खोली नको. आपल्याकडे दुपारी दोननंतर पश्चिमेची भिंत जी तापते ती रात्री अकराला आत ऊन सोडत असते. त्या अंगाला जिना, न्हाणी, धान्याची खोली घाला आणि भिंत दीड विटेची करा. खिडक्या दक्षिणोत्तर, त्यांवर दोन फुटी छज्जे. गच्चीला दर उन्हाळ्यात चुना. माझ्या आजीच्या घराला माळवद होतं, सागाच्या तुळया, वर किलचं, म्हणजे बारीक लाकडं, आणि त्यावर हातभर पांढरी माती. मे महिन्यात आम्ही पोरं माजघरातल्या शहाबादीवर पोट टेकवून झोपायचो. तसं माळवद आज कुणी घालून देणार नाही, दर पावसाळ्याआधी त्याला माती देणारेही राहिले नाहीत. पण खाली चकचकीत टाइल्सऐवजी शहाबादी घातलीत तर निम्मा गारवा पायाला मिळेल, शिवाय सासरे घसरणार नाहीत.

मग या वर्षात करायचं काय? आत्ता खड्डे. मग वाटणीपत्र, मोजणी, वाट, विजेचा अर्ज. आणि माळावर शेतीचं सामान ठेवायला एक खोली, बारा बाय अठरा, शेजारी संडास-न्हाणी, पुढं पत्र्याची पडवी. ती पुढं वाया जात नाही. बियाणं, पंपाचं सामान, कडबाकुट्टीचं मशीन, सगळं तिथंच राहणार आहे. तिच्यात मे महिन्यात चार दिवस राहा, सगळे. मग हस्ताच्या पावसात चार दिवस. रात्री साप-विंचू कुठून येतात, वारा कुठून सुटतो, शाळेला निघायला किती वाजता उठावं लागतं, मुलीला दहा वाजता अंधार सोसतो का, हे त्या आठ दिवसांत कळेल. घराची दिशा त्यानंतर फिरवावीशी वाटली तर कागदावर फिरवता येते, फुकट. पावसाळ्याच्या सुरुवातीला पश्चिमेच्या अंगाला चार-पाच कडुनिंब लावून टाका, घराच्या जागेपासून तीसेक फूट सोडून. घर व्हायच्या आत ते डोक्याएवढे झालेले असतील.

एक विचारायचं राहिलं. पत्रात ह्यांचं म्हणणं आहे, सासऱ्यांचं आहे, ठेकेदाराचं आहे. तुमचं कुठंय? रोज सकाळी त्या वाटेनं वीस-पंचवीस किलोमीटर शाळेला जाणार तुम्ही, येऊन चुलीपाशी उभ्या राहणार तुम्ही. पाव्हणेरावळे "वस्तीवर हुरडा खायला" येतील तेव्हा भाकरी कोण थापणार तेही ठरलेलंच आहे. तुम्हाला तिथं राहायचंय का? हो असेल तर स्वयंपाकघर कुठल्या अंगाला हवं ते प्लॅन काढायच्या आधी स्वतः कागदावर आखा. माझी शिफारस पूर्वेला, सकाळचं ऊन आत येईल असं, आणि त्याला लागून उघड्यावर एक चूल, कारण पंधरा भाकरी गॅसवर होत नाहीत. नाही असेल, किंवा मुलीची दहावी होईपर्यंत नको असं असेल, तर तेही आत्ताच बोला. माळावरची खोली तोवर शनिवार-रविवारला पुरेल.

खड्डे घेतले की तिन्हींची मापं मला कळवा, पायाचं पुढं बघू. मापं झाल्याझाल्या खड्डे बुजवून घ्या, निदान भोवती काट्या तरी लावा. शेजाऱ्याची शेळी पडली तर वाटणीपत्राच्या आधी तिचाच तंटा मिटवावा लागेल.